जामीन कोण राहील?

वऱ्हाडात ख्रिस्ती शिकवण बहुतेकांना इमारतींच्या रूपात भेटली. परतवाड्याजवळचं कोठारा इथलं कुष्ठरुग्णांचं रुग्णालय, वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, अकोल्यातलं अलायन्स मिशन, 1955 साली अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाल्यावर वाढत गेलेलं शाळांचं काम. हे सगळं ज्यांनी सुरू केलं, त्यांच्यातले बरेच परदेशी होते आणि ते कधीच निघून गेले. मागे राहिली ती इथली माणसं: शिक्षक, परिचारिका, कारकून, शेतमजूर, ऑटो चालवणारे. येशूची शिकवण आता त्यांच्या हातून जगली जायची आहे, आणि रविवारच्या उपासनेपेक्षा सोमवारच्या बाजारात, शेतात आणि कचेरीत ती जास्त लागणार आहे.

ती तिथे कशी जगायची, यावर हा संवाद आहे. बोलणारी दोन माणसं मी रचली आहेत. प्रश्न मात्र खरा आहे आणि मला तो फार जवळचा वाटतो. आत्या अमरावतीची, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. भाचा अकोल्याच्या न्यायालयात वकिली करतो. श्रद्धा दोघांची एकच. त्या दिवशी उपासनेत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचं वाचन झालं होतं. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार आणि तुरुंगातल्याची भेट ही सहा कामं त्यात येतात. सगळ्यांत लहान माणसासाठी जे केलं ते प्रभूसाठीच केलं, असा त्याचा आशय.

भाचा: आत्या, आज वाचन ऐकताना एक गोष्ट खटकली. येशूने सहा कामं सांगितली आणि आपण त्यांतल्या बहुतेकांसाठी एकेक खातं उघडून ठेवलंय. आजाऱ्यासाठी मिशनचा दवाखाना, अनाथासाठी वसतिगृह, उघड्यासाठी नाताळातलं ब्लँकेटवाटप. आपण अर्पणाच्या पाकिटात पैसे घालायचे, बाकीचं संस्था बघेल. त्या अध्यायात मात्र न्यायाच्या दिवशी संस्थेला कुणी बोलावत नाही. माणसांनाच विचारलं जातं.

आत्या: तू संस्था म्हणतोस तेव्हा तुला फाटकावरची पाटी दिसते. मला रात्रपाळी दिसते, बाबू. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली अमेरिकेतून आल्या आणि 1938 मध्ये वाशिमचं रुग्णालय सुरू झालं. शस्त्रक्रिया करणारी बाई, जवळजवळ चाळीस वर्षं तिथे राहिली. अडलेली बाळंतीण मध्यरात्री बैलगाडीतून येते तेव्हा तिच्यासाठी नुसता कळवळा काय कामाचा? तिला टेबल लागतं, उजेड लागतो, रक्त लागतं, निर्जंतुक हत्यारं लागतात, आणि ती हत्यारं आदल्या संध्याकाळी कुणीतरी उकळून ठेवलेली असावी लागतात. माझ्या लेखी प्रेमाचा हिशेब त्या आदल्या संध्याकाळपासून सुरू होतो. एकटा माणूस कितीही भला असला तरी हे त्याच्याने निभत नाही.

भाचा: ते मी नाकारत नाही. पण दवाखान्याची मजल कुठपर्यंत जाते, हेही बघ ना. आमच्या अकोल्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेनी फुलर नावाच्या मिशनरी बाई होत्या. भारतीय स्त्रियांच्या दुःखांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1900 साली आलं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. बालविवाह, विधवांचे हाल असे त्याचे विषय. या जखमा घरात होतात, आणि त्या बऱ्याही घरातच व्हाव्या लागतात. वॉर्डात त्यांच्यावर मलम नाही.

आत्या: घर आणि वॉर्ड असे वेगळे काहून करतोस? माणूस घरातूनच वॉर्डात येतो आणि वॉर्डातून घरी जातो.

भाचा: जातो का? तुला कायद्यातली एक गोष्ट सांगतो. कोठाऱ्याला शंभर वर्षांहून जास्त काळ ख्रिस्ती माणसं कुष्ठरुग्णांच्या जखमा बांधत आली. आपल्याला लागू असलेला घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात 2001 साली मोठी सुधारणा झाली, आणि जोडीदाराला असाध्य कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून तेव्हा त्यात आलं. बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकातच आपल्या देशात पोचला होता. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होत होता. तरी ते कलम आलं आणि 2019 पर्यंत राहिलं. त्या वर्षी ते निघालं, तेव्हा हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही कुष्ठरोगाचं कारण काढलं गेलं. म्हणजे दोष एका धर्माचा नव्हता. पण जखमा बांधण्यात आपण सर्वांत पुढे होतो, मग घराचं दार उघडं ठेवण्यातही आपणच पुढे असायला हवं होतं. ते काम कुठल्या संस्थेच्या अखत्यारीत येत नव्हतं, म्हणून ते कुणाचंच झालं नाही.

आत्या: यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. बरी झालेली माणसं मी पाहिली आहेत. रिपोर्ट स्वच्छ, औषध बंद, आणि घरून न्यायला कुणी येत नाही. पण त्यांच्यासाठी आम्ही काय करायचो तेही ऐक. रोग गेला तरी तळपायाची संवेदना परत येत नाही. काटा रुतला, चप्पल चावली, चटका बसला, काही कळत नाही. जखम चिघळते आणि बोटं जातात. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, निबर कातडी दगडाने हळू घासायची, ओल असतानाच तेल लावायचं, आणि झोपण्याआधी उजेडात तळवे बघायचे. खाली मऊ रबर असलेली खास चप्पल, तीही घरात आणि बाहेर दोन्हीकडे. हे रुग्णाला तर शिकवायचोच, शक्य झालं तर बायकोला, सुनेला, मुलालाही बोलावून घ्यायचो. तुमच्या हाताने एकदा करा म्हणायचो. एकदा हात लागला की भीती निम्मी होते.

भाचा: योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, ते हेच.

आत्या: हेच. आणि मला ते मंडळीत समजलं नाही, वॉर्डात समजलं. तुझ्या म्हणण्यात माझ्या मते उणीव आहे ती इथे. मन मोठं असलं की पुरे, असं तुला वाटतं. पण पाय धुताना करंगळीखालचा लाल ठिपका कुणाला दिसेल? ज्याला बघायला शिकवलंय त्याला. न शिकलेला माणूस प्रेमाने पाय धुईल आणि ठिपका तसाच राहील. कौशल्य हा प्रेमाचाच भाग आहे, आणि ते शिकायला संस्था लागते.

भाचा: हे माझ्या लक्षात राहील. पण मग आपल्या रोजच्या व्यवहाराचं कौशल्य आपल्याला कोण शिकवतं? मजुरीचं घे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीयात स्पष्ट आहे. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते. आणि आपल्याकडे? ज्यांची शेती आहे ते बाजाराच्या दिवसापर्यंत वेचणीचे पैसे थांबवतात. ज्यांच्याकडे घरकामाला बाई येते ते चार दिवस पुढे ढकलतात, कारण ती मागायला लाजते. यासाठी कुठलं मिशन लागत नाही, परदेशी पैसा लागत नाही. कपाट उघडायचं आणि द्यायचं.

आत्या: घरकामवाल्या बाईचं तू म्हणतोस ते अगदी खरं, त्याला सबब नाही. शेताचं इतकं सोपं नाही. ज्याची पाच एकर कोरडवाहू आहे, ज्याने बियाणं आणि खत उधारीवर आणलंय, ज्याचा कापूस अजून घरात पडलाय, त्याला तू याकोबाच्या पत्रातला धनवान म्हणशील? वऱ्हाडात आत्महत्या शेतकऱ्यांनी केल्या, त्यांच्या घरच्यांपुढे हा शास्त्रपाठ वाचताना जीभ जड व्हायला पाहिजे.

भाचा: त्याला धनवान म्हणणार नाही. पण त्याच्या शेतात कापूस वेचणारी बाई त्याच्याहून गरीब आहे, हेही खोटं नाही. संकट वरून आलं की ते खालच्याच्या डोक्यावर ढकलायचं, ही जगाची रीत झाली. शिकवण तिथेच कामाला लागायला हवी. पैसे नसतील तर तिला आधी सांगायचं, वेचून झाल्यावर नाही. जे आहे त्यातून तिचा वाटा पहिला काढायचा. आणि रूथची गोष्ट आठव. परक्या देशातली विधवा सरवा वेचायला जाते, तर बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसं पडू द्या. उलंगवाडीच्या वेळी शेतात जे राहतं ते कुणाला मिळावं, हे ठरवणं मालकाच्या हातात असतं. त्याची स्वतःची कितीही ओढाताण असली तरी तेवढं असतंच.

आत्या: हं. हे पटतं. आणि उसनवारीचं?

भाचा: तिथे मी जास्त कडक आहे. परवाना नसताना व्याजाचा धंदा करायला 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेव. गरजवंत भावाकडून व्याज घेऊ नये ही आपल्या शास्त्रातली जुनी आज्ञा आहे. ओळखीच्या माणसाला दवाखान्यासाठी महिना शेकडा पाचने पैसे द्यायचे आणि रविवारी पहिल्या बाकावर बसायचं, हे दोन्ही एकत्र राहू शकत नाही. येशू घरी आला तेव्हा जक्कयाने आधी व्यवहार दुरुस्त केला, लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणाला. तारण घरी आल्याचं येशूने सांगितलं ते त्यानंतर.

आत्या: तू व्यवहाराबद्दल इतकं बोलतोस, मग आता मी विचारते. हे सगळं करताना येशूचं नाव घ्यायचं की नाही? अलीकडे तुमच्या पिढीला ते नाव घ्यायचीच भीती वाटते.

भाचा: भीती नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून नाव घेतलं की तो नाही म्हणायला मोकळा राहत नाही, असं मला वाटतं. आपला वऱ्हाड 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने 1954 साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली, मिशनच्या कामाची चौकशी करायला. 1956 च्या तिच्या अहवालात दवाखाने आणि शाळा धर्मांतरासाठी वापरल्या जातात असा ठपका होता. त्या अहवालाशी मी सहमत आहे असं समजू नकोस. त्यात मिशनच्या कामावर अन्याय झाला असं मानणारे तेव्हाही होते. पण सेवेमागे काहीतरी अपेक्षा असेल ही शंका शेजाऱ्याच्या मनात तेव्हापासून आहे, आणि ती घालवायची जबाबदारी आपलीही आहे. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. मी तर त्याही पुढे जाईन. समोरचा दुबळा असेल तेव्हा माझा हक्क मी स्वतःहून बाजूला ठेवीन.

आत्या: मत्तयाच्या पाचव्या अध्यायात दिवा झाकून ठेवू नये असं आहे. लोकांनी चांगली कामं पाहावीत आणि स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा.

भाचा: आणि सहाव्या अध्यायात उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं आहे.

आत्या: एकाच प्रवचनातल्या दोन गोष्टी आहेत या, बाबू. बोलणारा एकच आहे, तेव्हा दोन्ही खऱ्या असणार. मी आयुष्यभर त्याचा अर्थ असा लावला की काम दिसावं, करणारा दिसू नये. शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाने म्हटलं, सिस्टर, तुमच्या देवाला सांगा, तर मी प्रार्थना केली. नाही म्हटलं तर त्याचा हात धरून बसले. पण कुणी विचारलं की तुम्ही हे काहून करता, तर मी गप्प राहिले नाही. पगार मिळतो म्हणून करते, असं उत्तर दिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

भाचा: विचारल्यावर सांगायला माझीही ना नाही.

आत्या: फरक एवढाच की तू विचारण्याची वाट बघतोस आणि मला वाटतं आपण असं जगावं की लोकांना विचारावंसं वाटेल. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू दे. मला दुसरीच एक गोष्ट सतावते. हे सगळं करायला ख्रिस्तीच असावं लागतं असं तर इथे कुणी म्हणू शकत नाही. माझं घर अमरावतीत, गाडगेबाबांची समाधी तिथेच. शेंडगावात जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, उघड्याला वस्त्र आहे, बेघराला आसरा आहे, रोग्याला औषध आहे. मत्तयातली पाच कामं त्यात जशीच्या तशी आली. वर गरिबाच्या मुलांचं शिक्षण, बेकाराला काम, गरीब मुलामुलींची लग्नं, मुक्या जनावराला अभय आणि खचलेल्याला हिंमत.

भाचा: आणि तपोवन विसरू नकोस. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी वसवलं. ते गांधींच्या वाटेचे. रुग्णाच्या हाताला काम द्यायचं, त्याला दयेवर जगायला लावायचं नाही, हा त्यांचा आग्रह.

आत्या: मग आपलं वेगळेपण कुठे राहिलं?

भाचा: ते शोधायची मला गरज वाटत नाही. येशूने शेजारी कोण हे सांगायला गोष्ट रचली, तेव्हा वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलणारा शोमरोनी घेतला. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो धर्माबाहेरचा. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. वऱ्हाडात येशूने ती गोष्ट आज सांगितली असती, तर जखमीला उचलणारा कदाचित गाडगेबाबांसारखा हातात खराटा घेतलेला असता, आणि बाजूने निघून जाणाऱ्यांत आपल्याला आपली माणसं ओळखू आली असती. आपण त्याच्याकडून शिकायचं, एवढंच. पण तू मघाशी पाच कामं म्हणालीस. सहावं कुठे आहे?

आत्या: तुरुंग. ते बाबांच्या यादीत नाही.

भाचा: आपल्याही यादीत नाही, आत्या. वाचतो आपण ते, करत नाही. आजाऱ्याबद्दल कुणालाही कणव येते. तुरुंगातल्याबद्दल येत नाही, कारण त्याने काहीतरी केलं असेल असं आपण धरून चालतो. म्हणून मला हे सहावं काम सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पाच कामांसाठी या मातीत दुसरी माणसं उभी राहिली. सहाव्यासाठी फार थोडी.

आत्या: भेटायला जायचं म्हणजे काय करायचं? नाताळला मध्यवर्ती कारागृहात गाणी म्हणायला आणि केक वाटायला मंडळ्या जातात की.

भाचा: जावं. पण माझ्या कामात मला जे दिसतं ते सांगतो. मेळघाटातला एक कोरकू मजूर धर. सोयाबीन सोंगायला नाहीतर कापूस वेचायला आमच्या भागात येतो. किरकोळ चोरीच्या संशयावर पकडला जातो. न्यायालय जामीन मंजूर करतं. कागदावर तो सुटला. पण जामीनदार हवा: सातबारा असलेला, नाहीतर पगारपत्रक असलेला, आणि शक्यतो याच जिल्ह्यातला. त्याचं गाव धारणी तालुक्यात, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. अकोल्यात त्याला कोण ओळखतं? मग तो आतच राहतो. गुन्हा सिद्ध झाला म्हणून नव्हे, त्याच्यासाठी सही करायला कुणी नाही म्हणून.

आत्या: बाप्पा! याच्यावर काही नियम नाही?

भाचा: आहे, आणि जुना आहे. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या एका मिस्त्रीची केस सर्वोच्च न्यायालयात गेली, तीही मध्य प्रदेशातली. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सूचना दिल्या: जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर अटी सैल करता येतील का ते न्यायालयाने स्वतः बघावं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही 2023 पासून आहे, कच्च्या कैद्याला तिच्यातून मदत मिळू शकते. पण नियमाला पाय नसतात. कुणीतरी विचारायला जावं लागतं. आणि शेवटी जामीनदार म्हणून कुणीतरी आपलं नाव लिहावं लागतं.

आत्या: म्हणजे तुझं म्हणणं, मंडळीतल्या माणसांनी अनोळखी माणसाला जामीन राहायचं?

भाचा: हो.

आत्या: मग आता माझं ऐक. नीतिसूत्रांत अनोळख्याला जामीन राहू नकोस असं पुन्हा पुन्हा बजावलंय. राहिला असशील तर झोप घेऊ नकोस, आधी त्यातून सुटून ये, असं सहाव्या अध्यायात आहे. ते लिहिणाऱ्याने घरं बुडताना पाहिली असणार. उद्या तो माणूस तारखेला आला नाही तर?

भाचा: तर जामीनदाराची रक्कम जप्त होऊ शकते. हे मी लपवत नाही.

आत्या: आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो? तो कुणाचा शेजारी नाही का?

भाचा: आहे. म्हणून तर सांगतो, जामीन देणं-न देणं आपण ठरवत नाही, ते न्यायालय ठरवतं. न्यायालयाने ज्याला सोडायचं ठरवलं आणि गरिबीमुळे जो सुटत नाही, फक्त त्याच्याबद्दल मी बोलतोय. आणि चांगला जामीनदार तारखेची आठवण करून देतो, त्याला गावाहून आणतो. खटला चालला तरच फिर्यादीलाही न्याय मिळतो. नीतिसूत्रांचा इशारा खरा आहे, पण शास्त्र तिथेच थांबत नाही. बन्यामिनासाठी यहूदा बापापुढे जामीन राहतो. पौल फिलेमोनाला लिहितो की पळून आलेल्या अनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. आणि इब्री लोकांस पत्रात नव्या कराराचा जामीन कोण झाला आहे?

आत्या: येशूच.

भाचा: मग?

आत्या: थांब, मला विचार करू दे. तू म्हणतोस ते खरं आहे, पण तू म्हणतोस तसं केलं तर एका वर्षात बंद पडेल. एक भला माणूस उभा राहील, त्याला एक जण फसवेल, त्याचे पैसे जातील, घरात भांडण होईल, आणि मग मंडळीत पुढची वीस वर्षं कुणी नाव काढणार नाही. माझा संस्थेचा आग्रह याचसाठी आहे. पाच घरं एकत्र या. रक्कम बुडाली तर पाच जणांत वाटली जाईल, इतकीच आधी धरा. एक नोंदवही ठेवा: नाव, गाव, कलम, तारीख, वकील. त्याच्या गावच्या माणसाशी, आईबापाशी आधी बोला. विधी सेवा प्राधिकरणाला आधी विचारा, म्हणजे जिथे विनाजामीन सुटका होऊ शकते तिथे तुमची सही वाया जाणार नाही. आणि दोन माणसं फिर्यादीच्या घरी पाठवा. त्याचं काय गेलं ते विचारा.

भाचा: जामीनदार याआधी किती जणांसाठी जामीन राहिला ते त्याला न्यायालयात जाहीर करावं लागतं. तुझी नोंदवही तिथेही लागेल. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन, खोटे कागद लावून जामीन राहणारेही असतात. आपलं त्यांच्याशी नातं लागता कामा नये.

आत्या: म्हणून एक रुपया घ्यायचा नाही. चहासुद्धा नाही. आणि त्याला प्रार्थनेला ये म्हणायचं नाही. इथे मी तुझ्या बाजूने आहे. ज्याची सुटका माझ्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्याकडे मी काहीच मागू शकत नाही.

भाचा: सुटल्यावर?

आत्या: सुटल्यावर त्याला जेवायला बोलवायचं. घरातल्याच ताटात. त्याची जात न विचारता. तिथे मंडळीची खरी परीक्षा होईल. लग्न ठरवताना कोण कुठल्या जातीतून आलेलं ख्रिस्ती घर, हे अजून हळूच विचारलं जातं. ते तसंच राहिलं तर तुझ्या जामिनाला अर्थ नाही.

भाचा: पहिली सही तू करशील? तुझं निवृत्तिवेतन आहे, स्वतःचं घर आहे.

आत्या: करीन. पण एकटीने नाही. आधी चार घरं शोध.

संवाद इथे थांबवतो आणि माझं मत मांडतो.

आत्याकडून मी एक गोष्ट घेतो: भलेपणा टिकायचा तर त्याला नोंदवही, पाळी आणि शिक्षण लागतं. वाशिम आणि कोठारा टिकले ते या शिस्तीवर. भाच्याकडून दुसरी: संस्था आपल्या वतीने सगळं करू शकते, पण आपल्या वतीने जोखीम घेऊ शकत नाही. मजुरी वेळेवर देणं, व्याज सोडणं, बरा झालेला कुष्ठरुग्ण घरी आणणं, अनोळख्याला जामीन राहणं, या सगळ्यांत आपलं काहीतरी पणाला लागतं: पैसा, अब्रू, सोयरीक, झोप. ख्रिस्ती शिकवण रोजच्या जगण्यात उतरली की नाही, हे मी त्यावरूनच ओळखीन. ज्यात देणाऱ्याचं काही जात नाही असं दान चांगलंच आहे, पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाने मागितलं ते त्याहून जास्त आहे.

दोघांतलं कुणाचं आधी, असं विचारलं तर मी भाच्याचं म्हणेन. आधी कुणीतरी आपलं नाव द्यायला तयार व्हावं लागतं. नोंदवही त्यानंतर उघडता येते. उलट क्रमाने गेलं तर समिती बनते, ठराव होतो आणि माणूस आतच राहतो.

अमरावतीत मध्यवर्ती कारागृह आहे, अकोल्यात जिल्हा कारागृह आहे, आणि दोन्ही शहरांत दर रविवारी भरणाऱ्या मंडळ्या आहेत. प्रत्येक मंडळीतून पाच घरं निघाली, तरी जामीन मिळूनही आत राहिलेल्या काही माणसांची वाट मोकळी होईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अशा कैद्यांची चौकशी करायला कुणाची परवानगी लागत नाही, वर्गणी लागत नाही, परदेशातून येणारा डॉक्टरही लागत नाही. सोमवारी कार्यालय उघडतं. आपण जायला हवं.